बाभळीखालची हिंदी

हिंदीचं माहेर कुठं, असं मला कुणी विचारलं तर मी उत्तरेकडं बघणारसुद्धा नाही. सरळ आमच्या सूसमधल्या एका बाभळीकडं बोट दाखवीन. गावातून टेकडीकडं जाणारा रस्ता जिथं संपतो तिथं एका बारा मजली बांधकामाचं फाटक आहे. फाटकाला खेटून बाभूळ, आणि बाभळीखाली तीन दगडांच्या चुलीपुढं बसलेली आमची अंबाबाई. आज मुळशी तालुक्यात जो गवंडी, जो सेंटरिंगवाला, जो फरशीवाला हिंदी बोलतो, त्यातले निम्मे तरी या बाईच्या हातचं पिठलं खाऊन बोलते झालेत. खोटं वाटत असेल तर बावधनला जा, कुठल्याही साईटवर उभे राहा आणि पोटातून ओरडा, "थ्रर्र!" काम थांबलं नाही तर माझं दुकान तुमचं.

दुकान म्हणजे झेरॉक्सचं. बाभळीच्या बरोबर समोर. मशीन एक, गिऱ्हाईक जेमतेम, त्यामुळं दिवसभर समोर बघत बसणं हाच माझा खरा धंदा. माझी बायको नलिनी म्हणते, "तुम्ही कागदांच्या कमी आणि माणसांच्याच झेरॉक्स जास्त काढता." काढतो. नाही म्हणत नाही. त्यात घरही अंबाबाईच्या घराला लागून. मधे एकाच विटेची भिंत. तिकडं तिचा नवरा धुळा शिंकला की इकडं आमचं मांजर दचकतं. तेव्हा मी जे सांगतोय ते ऐकीव नाही, भिंतीतून थेट आलेलं आहे.

धुळाच्या घरात शेळ्या पिढीजात. अशा घरांत एक रीत असते: प्रत्येक घराची हाळी वेगळी. नाहीतर दोन कळप समोरासमोर आले की कुणाची शेळी कुणामागं जाईल याचा भरवसा नाही. धुळाच्या घरची हाळी तीन शब्दांची. 'थ्रर्र' म्हणजे आहे तिथं थांब. 'हिक् हो' म्हणजे चल पुढं. आणि 'ब्या ये ये ये' म्हणजे या, खाण्यापिण्याची सोय झाली. या तीन शब्दांत धुळानं पस्तीस शेळ्या आणि चाळीस वर्षांचा संसार हाकला. अंबाबाईलाही तो जेवायला याच शब्दांत बोलावतो, असं मी एकदा गावात उठवून दिलं होतं. तिनं आठ दिवस मला ताक दिलं नाही.

पुढं चरायची रानं कमी झाली. जिथं शेळ्या चरायच्या तिथं आता लोक बाल्कनीत उभे राहून योगासनं करतात. धुळा कळप घेऊन लांब नांदे गावाच्या बाजूला जायला लागला आणि अंबाबाईचे गुडघे म्हणाले, आम्ही काही येत नाही. मग तिनं फाटकाशी चूल मांडली. पिठलं, भाकरी, हिरव्या मिरचीचा ठेचा. साईटवरचं गिऱ्हाईक आयतं होतं. अडचण एकच. गिऱ्हाइकाला मराठी येत नव्हती आणि अंबाबाईला दुसरं काही येत नव्हतं.

म्हणजे अगदीच नाही असं नाही. तिला हिंदीचं एक वाक्य येत होतं, आणि तेही अगदी स्वच्छ. तिचा मुलगा सोमनाथ पाण्याच्या टँकरवर. उन्हाळ्यात त्याचा फोन लागणं म्हणजे लॉटरी. अंबाबाई दिवसातून दहा वेळा लावायची आणि दहाही वेळा एक बाई गोड आवाजात सांगायची, "आप जिस व्यक्ति से बात करना चाहते हैं, वह अभी व्यस्त है." हे अंबाबाईनं चार उन्हाळे ऐकलं. त्या बाईवर तिचा फार जीव.

"लई गुनाची हाय बग," ती मला म्हणायची. "दहादा फोन केला तरी कवा चिडत न्हाई. न्हाईतर तुजी नलिनी."

या एका वाक्यातून अंबाबाईनं नेमका शब्द उचलला. जे माणूस किंवा जी वस्तू हवी असताना मिळत नाही, ते व्यस्त. पिठलं संपलं, "पिठला व्यस्त है." काड्यापेटी सापडेना, "माचिस व्यस्त है." धुळा ओट्यावर घोरत पडलेला असला तर, "मालक व्यस्त है." बाकीचं वाक्य ती मराठीच्या पोत्यातून हाताला लागेल ते काढून बांधायची आणि शेवटी 'है' ची गाठ मारायची. गाठ पक्की असली की झालं.

तिचा पहिला विद्यार्थी म्हणजे भैरप्पा. गोकाककडचा, बोली कन्नड, तीन वर्षांपूर्वी आला तेव्हा हिंदीचं अक्षर येत नव्हतं. सगळे त्याला भैरू म्हणायला लागले. भैरू बोट दाखवून भाकरी मागायचा. पहिला दिवस अंबाबाईनं चालवून घेतला. दुसऱ्या दिवशी भाकरी पदराआड धरली.

"काल दाखवला, दिया. आज बोलो, मग देंगा."

भैरूनं पुन्हा बोटच पुढं केलं.

"भा-क-री-देव."

"बाकरी देव," भैरू म्हणाला आणि त्याला भाकरीवर लोण्याचा गोळा मिळाला. नवीन करडाला तळहातावर मीठ चाटवतात ना, तसं.

हीच तिची पद्धत. आणि दुसरी त्याहून अस्सल. कळपात विकत घेतलेली नवी शेळी आली की धुळा तिला पंधरा दिवस जुन्या शेळीच्या गळ्याला गळा लावून बांधतो. जुनी हाळीला वळते, तिच्याबरोबर नवी ओढली जाते, आणि पंधरा दिवसांत नवीला हाळी कळते. अंबाबाईनं माणसांना तेच लावलं. दोरी तेवढी नव्हती. ओडिशाचे दोन भाऊ आले, त्यांना भैरूच्या उजव्या-डाव्या हाताला बसवलं. मालद्याहून बंगाली पोरं आली, ती ओडिशाच्या भावांच्या शेजारी. रायचूरचे तेलुगू बोलणारे फरशीवाले आले, ते बंगाल्यांच्या मांडीला मांडी लावून.

"एय उंच्या, तू इकडं आ. उसके बाजू में बैठ. वो जुना है, तू नवा है. वो जो बोलेंगा वो बोल. न्हाई तो ठेचा व्यस्त है!"

पंधरा दिवसांत उंच्या बोलायला लागायचा. एकाच्या बोलीचा दुसऱ्याला गंध नाही, पण बाभळीखाली सगळे घडाघडा बोलत आणि समजा कळलं नाही तर ठेचा मागत. आणि यात अंबाबाईच्या तोंडून सवयीनं जे निघायचं तेही ते शिकले. गर्दी झाली की ती म्हणायची, "थ्रर्र!" रांग पुढं सरकवायची तर, "हिक् हो!" आणि दुपारी साडेबाराला चुलीशी उभं राहून टेकडीला ऐकू जाईल अशी हाळी, "ब्या ये ये ये!" की चाळीस माणसं जिन्यांवरून धडाधड खाली. त्यांना वाटलं ही हिंदीच. का वाटू नये? आपल्या गावी असताना यांनी हिंदीबद्दल ऐकलं होतं ते एवढंच, की मुंबई-पुण्याकडं गेलं की ती बोलावी लागते. पुण्याकडं आले, इथं हीच बोलतात.

भैरू क्रेनला इशारा देणारा झाला. हात वर करून "थ्रर्र" म्हटलं की क्रेन हवेत थांबायची. काम संपलं की टोळ्या दुसरीकडं जात, कुणी बावधनला, कुणी पौडला, आणि तिथं नव्या आलेल्यांना शेजारी बसवून शिकवत. मागच्या वर्षी मी पौडच्या स्टँडवर उभा होतो. रिव्हर्स येणाऱ्या ट्रकला एक अनोळखी माणूस "हिक् हो, हिक् हो, थ्रर्र" करत होता. मी विचारलं कुठला, तर झारखंडचा, बोली संथाली. हिंदी कुणाकडून शिकलास, तर म्हणाला, एका तेलुगू मिस्त्रीकडून. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. हसून.

घरात मात्र या विद्येला विरोध होता. सोमनाथची मुलगी अपेक्षा सहावीत. तिच्या हिंदीच्या पेपरात 'अनुपस्थित' शब्दाचा समानार्थी शब्द विचारला, तिनं 'व्यस्त' लिहिला. बाईंनी लाल फुली मारली. अपेक्षा पाय आपटत घरी आली. भिंतीतून मी कान लावलाच.

"आजी, तुजी हिंदी चुकीची हाय! बाई म्हनल्या असली हिंदी कुटंच न्हाई."

"बाईची हिंदी किती मानसं बोलत्यात?"

"बाई एकट्याच. आमी आयकतो."

"आन माजी चाळीस मानसं बोलत्यात. मग चुकीची कुनाची गं?"

अपेक्षानं पेपर चुरगाळून दप्तरात कोंबला. खरं सांगतो, मला आजीचंच पटलं.

असं सगळं सुखात चाललं असताना गेल्या माघात साईटवर नवे मोठे साहेब आले. थेट कानपूरचे. आडनाव अवघड होतं म्हणून गावानं त्यांना कानपूरसाहेब हेच नाव दिलं. माणूस सज्जन, किरकोळ, मिशी बारीक, आणि हिंदी अशी की ऐकताना बूट काढून बसावंसं वाटे. पहिल्याच दिवशी त्यांनी भैरूला विचारलं, "सीमेंट पर्याप्त मात्रा में उपलब्ध है?"

भैरू विचार करून म्हणाला, "साब, पर्याप्त व्यस्त है."

साहेब माझ्या दुकानात आले. चेहरा असा, जणू कुणी त्यांच्याच घराच्या दाराला दुसऱ्याचं कुलूप लावलंय.

"भाईसाहब, ये लोग कौन सी भाषा बोलते हैं?"

"हिंदी," मी सांगितलं.

"और ये थ्रर्र क्या होता है?"

आता मी सरळ सांगू शकलो असतो. पण दुपार मोठी होती. मी गंभीर होऊन म्हणालो, "जुना शब्द है साहब. आपके उधर अब नहीं रहा क्या?"

साहेब विचारात पडून गेले. नंतर कळलं की त्यांनी कानपूरला आपल्या काकांना फोन करून विचारलंही.

अंबाबाईलाही त्यांची काळजी लागली होती. संध्याकाळी भांडी घासता घासता नलिनीला म्हणाली, "बिचारा गं. येवढ्या लांबनं कामाला आला आन हिंदी बी येत न्हाई त्याला. मी म्हनलं, बस भैरूच्या बाजूला, पंदरा दिसात शिकवते. तर निगूनच गेला."

साहेब शिकायला बसले नाहीत. उलट दोन हुकूम निघाले. पहिला: साईटवर यापुढं शुद्ध हिंदी, त्यासाठी बारा कलमांचे 'निर्देश', चाळीस प्रती. प्रती मीच काढून दिल्या. वाटल्याही. पण भैरूला वाचता येतं कन्नड, भावांना उडिया, पोरांना बंगाली. कुणालाही देवनागरी येत नव्हती. दुपारपर्यंत त्या चाळीस कागदांत चाळीस भाकऱ्या बांधल्या गेल्या. अंबाबाईनं मला निरोप पाठवला, कागद चांगला हाय, आणखी काढ.

दुसरा हुकूम मात्र हसण्यासारखा नव्हता. फाटकाशी घरं बघायला येणाऱ्या लोकांसाठी जागा करायची, चूल सोमवारच्या आत उठवायची. साहेबांनी बाभळीला पाटीच ठोकून घेतली. पत्र्याची, निळी, पांढऱ्या अक्षरांची: 'यहाँ बैठना मना है.'

"काय लिवलंय रं झेराक्स?" अंबाबाईनं मला विचारलं. ती मला याच नावानं हाक मारते.

मी वाचून दाखवलं. पहिल्यांदाच माझ्या तोंडून चेष्टा निघाली नाही.

ती चुलीतली राख काटकीनं उकरत बसली. सोमनाथ तर खूशच झाला होता. "आये, बरं झालं. आता घरी बस निवांत. टीव्ही बघ."

"टीव्ही बघू?" ती मला म्हणाली. "हितं चाळीस मानसं दिसभर अम्मा, अम्मा करत्यात. घरी एक मालक हाय, त्यो बी हाळी मारतो ती शेळ्यांनाच. बाभळीखालनं उठले तर मी कुनाशी बोलू? तुज्याशी?"

हे शेवटचं जरा लागलं. पण तिचा मुद्दा खरा होता.

सोमवारी चूल उठली. तीन दगड तिनं बाभळीच्या बुंध्याशी नीट एकावर एक रचून ठेवले, पाटीच्या खालीच. मजुरांसाठी साहेबांनी बाहेरून डबे मागवले. थर्माकोलच्या डब्यात गार भात, वर दोन वाटाणे. भैरूनं डबा उघडला, झाकला आणि म्हणाला, "जेवन व्यस्त है." सोमवार गेला, मंगळवार गेला. माणसं बाभळीकडं बघून नुसती उसासे टाकत.

बुधवारी पाचव्या मजल्याचा स्लॅब होता. स्लॅब म्हणजे साईटवरचं लग्नच. एकदा काँक्रीट ओतायला घेतलं की मधे थांबायचं नाही. थांबलं की सांधा राहतो, आणि सांधा राहिला की पुढं जन्मभर गळतं. साहेबांनी सकाळी सगळ्यांना गोळा करून पुन्हा बजावलं: आज चुकीचा एक शब्द नाही.

त्याच बुधवारी धुळाला पौडच्या तहसील कचेरीत कसलासा दाखला आणायला जायचं होतं. शेळ्या कोण बघणार? अंबाबाई. नांद्यापर्यंत जायला गुडघे तयार नव्हते, म्हणून तिनं कळप साईटला लागून असलेल्या उतारावरच सोडला. तो उतार नेमका पाचव्या मजल्याच्या समोर येतो, मधे फक्त एक कुंपण आणि थोडी हवा. आणि अंबाबाईचा आवाज तर तुम्हाला सांगितलाच.

मी दुकानाच्या पायरीवर चहा घेत होतो. काँक्रीटची पहिली गाडी आली, पंपाचा पाईप वर चढला. साहेब पाचव्या मजल्यावर कठड्याशी उभे. हात उंचावून म्हणाले, "कार्य आरंभ कीजिए!"

कुणी हललं नाही.

उतारावर एक बोकड रेंगाळला होता. तिकडून हाळी आली, "हिक् होऽऽ!"

पंप धडधडला, फावडी चालू झाली, काँक्रीट पडायला लागलं. साहेबांनी मिशीवरून बोट फिरवलं. त्यांना वाटलं आपली भाषा लागू पडली. मला पायरीवरून दोन्हीकडचं सगळं दिसत होतं, आणि चहा नाकातून आला.

पाच मिनिटांनी एक शेळी कुंपणात मुंडकं घालायला गेली. "थ्रर्र!"

पंप बंद. फावडी बंद. रिव्हर्स येणारी गाडी जागच्या जागी. भैरू हात वर करून पुतळ्यासारखा.

"क्या हुआ? क्यों रुक गए?" साहेब ओरडले.

"आप बोला ना साब," भैरू म्हणाला.

"मैं? मैंने कब बोला?"

"हिक् हो!" उतारावरून आलं आणि काम सुरू झालं.

सकाळभर हेच. शेळी थांबली की स्लॅब थांबे, शेळी निघाली की स्लॅब निघे. साहेब गोल गोल फिरून बघत होते की ओरडतंय कोण. अंबाबाईला यातलं काहीच माहीत नव्हतं. ती पाठमोरी बसून काटकीनं पाठ खाजवत होती. मी जाऊन सांगायला हवं होतं, कबूल. पण असा स्लॅब पुन्हा बघायला मिळाला नसता.

साडेबारा झाले. स्लॅब बरोबर अर्धा. अंबाबाई उठली, डबक्याशी शेळ्यांना पाण्यावर घ्यायचं म्हणून कंबरेवर हात ठेवला आणि छाती भरून साद घातली:

"ब्या ये ये ये ये!"

दोन दिवस गार भात खाल्लेली चाळीस माणसं. फावडी पडली, घमेली पडली, जिना दणाणला. फाटकातून बाहेर, कुंपणाला वळसा, आणि पिवळी हेल्मेटं उतार चढायला लागली. एका बाजूनं पस्तीस शेळ्या, दुसऱ्या बाजूनं चाळीस माणसं, आणि मधे हातात दोन भाकऱ्यांचं फडकं घेतलेली अंबाबाई.

मी शटर ओढून पळालो. "कुठं निघालात?" नलिनी ओरडली. "स्लॅब बघायला!" मी म्हणालो. "स्लॅब तिकडंय!" तीही चप्पल घालून मागं आलीच.

वर पोचलो तर अंबाबाई गोंधळून उभी. "आरं, तुमाला कुनी बोलिवलं? मी शेरडांस्नी बोलिवलं! हितं दोनच भाकरी हायेत!"

"अम्मा, बाकरी देव," भैरूनं हात पुढं केला. डोळ्यांत पाणी होतं त्याच्या. मिरचीच्या आठवणीनं असेल.

तेवढ्यात कानपूरसाहेब धापा टाकत वर आले. हेल्मेट वाकडं, बुटाला सिमेंट. खिशातून 'निर्देश' डोकावत होते.

"माताजी, कृपया इन सब को वापस भेजिए. यदि एक घंटे में काँक्रीट नहीं पड़ा तो पूरा ढाँचा प्रभावित होगा!"

अंबाबाईनं माझ्याकडं पाहिलं. "काय म्हनतोय रं?"

"मला नाही बुवा कळत," मी म्हणालो. "फार शुद्ध आहे."

मग भैरूनं हिंदीचं हिंदीत करून सांगितलं. "अम्मा, साब बोलता है, सबको हिक् हो करो. स्लॅब अर्धा है, अर्धा व्यस्त है."

"आसं व्हय!" अंबाबाईला आता सगळं उमगलं. ती हळूच शेजारच्या दगडावर टेकली. सोमवारपासून तिच्या चेहऱ्यावर जे नव्हतं ते परत आलं. "मग मी कशाला? त्यानंच बोलावं. पयले बोलो, मग मिळेंगा. सगळ्यास्नी येकच कायदा."

साहेबांनी चाळीस माणसांकडं बघितलं. घड्याळ बघितलं. खाली अर्ध्या स्लॅबकडं बघितलं. मग घसा साफ करून, अगदी अदबीनं म्हणाले, "कृपया हिक् हो."

एकही माणूस हलला नाही. एका शेळीनं मात्र पुढं येऊन त्यांच्या खिशातले 'निर्देश' ओढले आणि पहिल्या कलमापासून चावायला घेतले.

"किरपा नगं!" अंबाबाई म्हणाली. "पोटातनं!"

"हिक... हिक हो."

"उचकी लागल्यावानी काय करतोय? पोटातनं काढ की! जोर लगाव!"

साहेबांनी हेल्मेट काढून बगलेत मारलं, डोळे मिटले आणि ओरडले, "हिक् होऽऽऽ!"

काय आवाज लागला म्हणता! नलिनीनं टाळ्याच वाजवल्या. चाळीस माणसं वळली आणि उताराला लागली. फक्त एवढंच, की पस्तीस शेळ्याही वळल्या. कळप माणसांच्या मधे, माणसं कळपाच्या मधे, सगळी वरात फाटकाकडं. साहेबांना कळेना आता काय करावं. शेळ्या स्लॅबवर चढल्या तर काँक्रीटमधे खुरं उमटायची.

"थ्रर्र!" ते ओरडले. शेळ्या थांबल्या. माणसंही थांबली. "हिक् हो!" माणसं निघाली. शेळ्याही निघाल्या.

"माताजी!" साहेब रडकुंडीला आले.

"शेरडं कोन वळिवनार? मलाच यावं लागंल," अंबाबाई काठी टेकत उठली. "पन मी आले तर कुटं बसू? तितं तर बसाया बंदी हाय म्हनं."

भैरूला यावेळी भाषांतर करून सांगावं लागलं नाही. साहेबांनी हात जोडले आणि अंबाबाईच्या हिंदीतलं आपलं पहिलं पूर्ण वाक्य जन्माला घातलं: "अम्मा, तुम बाभूल के नीचे बैठो. पाटी... पाटी व्यस्त है."

"आता कसं!" अंबाबाई म्हणाली.

उतरताना तिनं शेळ्या एका हाळीत बाजूला काढल्या. कशा, ते मला कळलं नाही. तोच शब्द, पण मान जरा तिरकी. फाटकाशी येऊन तिनं बुंध्याशी रचलेले दगड पुन्हा मांडले. नलिनीनं आमच्या घरातलं सगळं पीठ आणून दिलं. त्या दिवशी मी संध्याकाळी पोह्यांवर भागवलं. माणसं दहा-दहाच्या टोळीनं खाली येऊन खाऊन गेली, वर काम थांबलं नाही, आणि सांधा न राहता स्लॅब चार वाजता पुरा झाला. इशारे साहेबच देत होते. तोवर त्यांचा 'थ्रर्र' असा सुटला की पलीकडच्या सोसायटीतला सुरक्षा रक्षकही गेट धरून उभा राहिला.

शेवटच्या टोळीबरोबर साहेबही जेवायला आले. चुलीपुढं उभे राहून त्यांनी भाकरीकडं बोट दाखवलं.

"आज दाखवला, दिया," अंबाबाई म्हणाली. "उंद्या बोलना पडेंगा. आन उबा नगं राहू. उसके बाजू में बैठ. वो जुना है, तू नवा है."

साहेब निमूटपणे भैरूला खेटून बसले.

आता पावसाळा तोंडावर आलाय आणि आठवा मजला चढतोय. साहेबांची हिंदी पंधरा दिवसांच्या आतच सुधारली, असं अंबाबाईचं मत आहे. हुशार हाय, पन सुरवातीला कुनी नीट शिकिवलंच नव्हतं त्याला, म्हणते. परवा माझ्या दुकानात त्यांना घरून फोन आला. दोन मिनिटं बोलले आणि फोन ठेवून मला म्हणाले, "घरवाली पूछती है, ये किस देश की हिंदी है."

"मग काय सांगितलंत?"

"बोला, बाद में फोन कर. साब व्यस्त है."

ती निळी पाटी अंबाबाईनं बाभळीवरून उपटून चुलीला वाऱ्याचा आडोसा म्हणून उभी केली आहे. धुरानं काळी पडली तरी अक्षरं अजून दिसतात, 'यहाँ बैठना मना है.' सगळ्या साईटवर ती वाचता येणारा माणूस एकच आहे, आणि तो दुपारी साडेबाराला भाकरीची वाट बघत तिच्याच आडोशाला बसलेला असतो.